सोनोग्राफी आणि हवेच्या कुप्या

काल सकाळी पावणेअकराच्या सुमारास एक मावशी टेबलावर झोपल्या होत्या. पोटात वरच्या बाजूला दुखतं, कळ पाठीकडे जाते, म्हणून त्यांच्या फिजिशियननी पाठवलेलं. स्वादुपिंड बघायचं होतं. जेल लावलं, प्रोब टेकवला, 'श्वास आत घ्या... धरून ठेवा... सोडा' चार वेळा झालं, कूस बदलून झाली. स्वादुपिंड जिथे दिसायला हवं तिथे पडद्यावर एक झगझगीत पांढरी रेघ, आणि तिच्याखाली धुरकट सावली. शेवटी रिपोर्टमध्ये नेहमीचं वाक्य लिहिलं: आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसू शकलं नाही. मावशींना म्हटलं, "उद्या उपाशीपोटी या, रात्री हलकं जेवा." तर त्या म्हणाल्या, "सकाळी चहा-पाव घेतला होता हो, त्याचाच झाला असेल का?"

मी रेडिओलॉजिस्ट आहे, भांडुपला राहते. दिवसाला तीस-पस्तीस सोनोग्राफ्या होतात आणि त्यातल्या दोन-चार तरी गॅसपायी अर्धवट राहतात. हवा आमच्या कामात शत्रूच. म्हणून काही वर्षांपूर्वी जेव्हा वाचलं की शास्त्रज्ञ पेशींच्या आत मुद्दाम हवा भरतायत, आणि तीसुद्धा सोनोग्राफीत जास्त चांगलं दिसावं म्हणून, तेव्हा मी तो लेख दोनदा वाचला. तेव्हापासून या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही. तो इथे सोप्या शब्दांत सांगते.

आधी हवा आडवी का येते ते बघू. सोनोग्राफी म्हणजे प्रतिध्वनी. प्रोबमधून कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात जातो, सेकंदाला दहा लाखांपासून दीड-दोन कोटी कंपनांचा. सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने तो पुढे सरकतो आणि जिथे पदार्थ बदलतो तिथून थोडा थोडा परत येतो. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यातला फरक आवाजाच्या दृष्टीने अगदी किरकोळ, म्हणून तिथून जेमतेम कुजबुज परत येते आणि उरलेला आवाज खोलवर जातो. पण पाणी आणि हवा यांच्यात या बाबतीत सुमारे साडेतीन हजारपट तफावत आहे. त्या सीमेवर आवाज आपटला की जवळजवळ सगळाच्या सगळा उलटा फिरतो. पोटावर थंडगार जेल फासतात तेसुद्धा यासाठीच. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर जरी राहिला, तरी आत काही जात नाही.

आता हेच उलटं करून बघा. हवा जर इतकी ठसठशीत दिसते, तर हवेचा एक अगदी बारीक थेंब हव्या त्या जागी ठेवता आला तर? तो थेंब मागचं काही झाकणार नाही, पण स्वतः मात्र चमकेल.

ही कल्पना रुग्णालयात जुनी आहे. 1968 साली अमेरिकेत रोचेस्टरला रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी नोंदवलं की हृदयाची सोनोग्राफी चालू असताना इंजेक्शन दिलं की पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उठतो. तो ढग द्रवाबरोबर गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. त्यातूनच पुढे मायक्रोबबल आले. आज यकृतातली गाठ किंवा हृदयाचे कप्पे बघायला ते शिरेतून देतात. चरबीसारख्या पदार्थाचं कवच, आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड वायू. काम उत्तम करतात, पण दोन अडचणी आहेत. आकाराने ते एक ते दहा मायक्रॉन, म्हणजे साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे, त्यामुळे रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाहीत. आणि काही मिनिटांत विरून जातात.

मग आणखी लहान करा की! तिथेच गोम आहे. बुडबुडा जितका लहान, तितकं पाण्याचं पृष्ठताण त्याला जास्त जोरात आवळतं. शंभर नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचा नागडा बुडबुडा पाण्यात केला, तर त्याच्यावर सुमारे 28 वातावरणांचा दाब येतो. पापणी लवायच्या आत आतली हवा पाण्यात विरघळून जाते. कारखान्यात इतका लहान आणि टिकाऊ बुडबुडा बनवणं म्हणूनच महाकठीण.

आणि तरी तो निसर्गात आहे, तोही ढिगाने.

पूर्व द्रुतगती मार्गावरून मुलुंड-भांडुप-कांजूरकडे येताना उजव्या-डाव्या हाताला मिठागरांचे वाफे दिसतात. उन्हाळ्यात पाणी आटून मीठ धरू लागलं की खारट पाण्याला कधी कधी गुलाबी-लालसर झाक येते. जगभरच्या मिठागरांत हा रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे चढतो. त्यांच्यातला एक प्रसिद्ध जीव म्हणजे हॅलोबॅक्टेरियम. अतिखारट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे या जिवाला पृष्ठभागाजवळ राहायला हवं. त्याला हात-पाय नाहीत, पण तो पेशीच्या आत हवेच्या कुप्या बांधतो आणि तरंगतो. तळ्यावर हिरवी साय धरणारे नीलहरित जीवाणूसुद्धा हेच करतात, त्यांना उन्हासाठी वर यायचं असतं. शास्त्रीय भाषेत या कुप्यांना गॅस व्हेसिकल म्हणतात. मी कुपीच म्हणते.

या कुप्या आहेत हे कसं कळलं, तो प्रयोग मला फार आवडतो. 1895 साली जर्मनीत हाइनरिश क्लेबान या वनस्पतिशास्त्रज्ञाने तळ्यावरची तरंगती साय एका बाटलीत काठोकाठ भरली, घट्ट बूच बसवलं आणि बुचावर हातोडीचा एक ठोका घातला. बस. बाटलीतलं पाणी क्षणात दुधाळपणा सोडून गडद झालं आणि तरंगणारा जीव हळूहळू तळाला जाऊन बसला. ठोक्याच्या दाबाने कुप्या चेपल्या होत्या. पेशीत पाणी किंवा तेल असतं तर एवढ्याने चेपलं नसतं, म्हणजे आत वायूच असणार. सूक्ष्मदर्शकातून जे नीट दिसत नव्हतं ते हातोडीने सिद्ध केलं. हा ठोका लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

कुपीची बांधणी बघण्यासारखी आहे. दोन्ही टोकांना शिसपेन्सिलीसारखं टोक काढलेली नळी डोळ्यांसमोर आणा. जाडी साधारण 50 ते 250 नॅनोमीटर, लांबी बहुधा काहीशे नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या रुंदीत अशा शेकडो मावतील. भिंत फक्त दोन-तीन नॅनोमीटर जाड आणि निव्वळ प्रथिनाची, चरबीचा लवलेश नाही. जीव्हीपी-ए नावाच्या एका छोट्याशा प्रथिनाचे हजारो तुकडे एकमेकांत अडकून कडी तयार होते, कडीला कडी लागत जाते. गावाकडची बांबूची कणगी विणतात तशीच ही वीण. काही कुप्यांना बाहेरून जीव्हीपी-सी नावाचं दुसरं प्रथिन बांधलेलं असतं, कणगीला आवळलेल्या दोरीसारखं, त्याने ती मजबूत होते. 2023 मध्ये अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही वीण जवळजवळ अणूपर्यंत दिसली.

इथे एक गैरसमज हमखास होतो. कुपी म्हणजे फुगा नव्हे. तिच्यात कुणी हवा फुंकलेली नसते. भिंतीतून वायू सहज आत-बाहेर करतो. पण भिंतीची आतली बाजू मेणचट, पाण्याला नकोशी करणारी असते, त्यामुळे आत पाण्याचा थेंब धरू शकत नाही. आसपासच्या पाण्यात जो वायू विरघळलेला आहे तोच आत येऊन बसतो. फुग्याला आतली हवा तोलून धरते, कुपीला तिची भिंत. म्हणून आतला वायू निसटून जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि कुप्या पेशीतून काढून बाटलीत ठेवल्या तर महिनोन् महिने टिकतात.

शंभरेक वर्षं हा विषय तळी आणि शेवाळ यांचा अभ्यास करणाऱ्यांकडेच राहिला. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या मिखाइल शपिरो यांच्या गटाने दाखवलं की या कुप्या पेशीतून काढून उंदराला टोचल्या तर सोनोग्राफीत दिसतात. त्याच वर्षी झेनॉन वायू वापरून एमआरआयमध्येही त्या ओळखता येतात हे त्यांनी दाखवलं. नंतर कळलं की झेनॉनशिवाय, साध्या एमआरआयमध्येही कुपीतली हवा चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करते आणि तिची खूण उमटते. बाहेरून आवाजाचा झटका देऊन कुपी चेपली की ती खूण पुसली जाते. पण एमआरआयच्या फार आत मी शिरत नाही, कारण माझ्या मते खरी मौज पुढे आहे.

कुपी प्रथिनाची आहे, म्हणजे तिची कृती जनुकांत लिहिलेली आहे. आठ ते चौदा जनुकांचा संच. तो एका जिवातून उचलून दुसऱ्यात घातला तर? दुसरा जीवही कुप्या बांधू लागेल आणि स्वतः सोनोग्राफीत उजळेल. जीवशास्त्रात ही युक्ती प्रकाशाच्या बाबतीत आधीच झालेली आहे. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन इतर पेशींत घालून कुठलं जनुक कुठे चालू आहे ते बघता येतं. त्यासाठी 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रकाश शरीरात मिलिमीटरभर गेला की विखरून जातो. आवाज मात्र कित्येक सेंटिमीटर जातो. प्रकाशाचा दिवा जिथे विझतो तिथे आवाजाचा दिवा लागतो.

2018 मध्ये शपिरोंच्या गटाने दोन वेगळ्या जीवाणूंची जनुकं एकत्र करून ती ई. कोलायसारख्या जीवाणूंमध्ये घातली. ते उंदराच्या आतड्यात आणि गाठीत कुठे बसलेत हे सोनोग्राफीने दिसलं, तेही एक दशांश मिलिमीटरपेक्षा बारीक तपशिलात. 2019 मध्ये मानवी पेशींची पाळी आली. बॅसिलस मेगाटेरियम या मातीतल्या जीवाणूची नऊ जनुकं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातली आणि त्या पेशींनी खरोखर कुप्या बांधल्या. नऊ जनुकं, नऊ प्रथिनं योग्य प्रमाणात निघणार, मग ती आपसात जुळून एक पोकळ नळी तयार होणार, आणि हे सगळं अशा पेशीत की जिच्या पूर्वजांनी कधी कुपी पाहिलेली नाही. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आता तो हातोडीचा ठोका. शरीरात कुपीशिवायही चमकणाऱ्या गोष्टी असतातच: हाडं, आतड्यातला गॅस, पटल. मग पडद्यावरचा ठिपका कुपीचाच, हे कशावरून? आधी हलक्या आवाजात एक चित्र घ्यायचं. मग क्षणभर जोरदार आवाज सोडायचा. त्या दाबाने कुप्या चेपतात, कायमच्या. मग पुन्हा हलक्या आवाजात दुसरं चित्र. पहिल्यातून दुसरं वजा केलं की जे उरतं ते फक्त कुप्यांचं. हाड चेपत नाही, आतड्यातला गॅस चेपून नाहीसा होत नाही. क्लेबानने बुचावर मारलेला ठोका सव्वाशे वर्षांनी प्रोबमधून मारला जातोय. वेगवेगळ्या जिवांच्या कुप्या वेगवेगळ्या दाबाला चेपतात, त्यामुळे दाब पायरीपायरीने वाढवत नेला तर दोन-तीन प्रकारच्या कुप्या वेगवेगळ्या ओळखताही येतात.

कुपी न मोडता ओळखायचीही एक रीत आहे. डब्याचं पातळ झाकण अंगठ्याने दाबलं की 'टक्' करून आत जातं आणि सोडलं की वर येतं, तशी ठरावीक दाबाला कुपीची भिंत आत वळते आणि परत येते. शरीराच्या इतर भागाला दुप्पट आवाज दिला तर दुप्पट प्रतिध्वनी येतो. कुपीचा हिशोब तसा सरळ राहत नाही, आणि तेवढा फरक यंत्राला पकडता येतो.

याच 'टक्' चा एक सुंदर उपयोग 2020 मध्ये झाला. बाहेरची ती दोरी, जीव्हीपी-सी, तिच्यात अशी जागा घातली की एक विशिष्ट एन्झाइम, म्हणजे पेशीत ठरावीक काम करणारं प्रथिन, आला तर तो तिथेच कात्री चालवेल. दोरी तुटली की कणगी सैल, भिंत लवचीक, आणि 'टक्' सुरू. म्हणजे एन्झाइम काम करतोय का, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर कळतं. आजवर आम्ही अवयवाचा आकार बघत आलो: गाठ केवढी, कडा कशा, रक्तपुरवठा किती. पेशीच्या आत काय चाललंय हा प्रश्न सोनोग्राफीला कधी विचारलाच नव्हता.

आता उपचार. काही जीवाणूंना गाठीच्या मध्यभागी राहायला आवडतं, कारण तिथे प्राणवायू कमी असतो आणि प्रतिकारशक्तीचा पहाराही ढिला असतो. अशा जीवाणूंना कुप्या बांधायला शिकवलं, तर आधी सोनोग्राफीत बघता येतं की ते गाठीत पोहोचलेत का. पोहोचले असतील, तर बाहेरून कमी कंपनांचा पण जोरदार आवाज सोडायचा. कुप्या फुटतात, सुटलेली हवा एकत्र येऊन बुडबुडा धरतो, तो झपाट्याने फुगतो आणि कोसळतो. त्या धक्क्याने आसपासच्या पेशी फाटतात, जीवाणूही फुटतो आणि त्याच्या पोटात औषध भरलेलं असेल तर तेही तिथेच सांडतं. 2021 मध्ये हे उंदरांच्या गाठींत करून दाखवलं गेलं. जिथे प्रोब रोखला तिथेच स्फोट, बाकी शरीराला धक्का नाही.

आपल्या मुंबईशी याचा संबंध मला थेट दिसतो. पवईची आयआयटी आणि परळचं टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. सोडल्यानंतर त्या पेशी कुठे गेल्या? नेहमीच्या तपासण्यांत गाठ कमी झाली का ते दिसतं, रक्तात त्या पेशी किती आहेत ते मोजता येतं, पण या घडीला त्या प्लीहेत आहेत, गाठीत आहेत की वाटेतच संपल्या, हे बिछान्याशेजारी उभं राहून कुणी सांगू शकत नाही. नेक्सकारमध्ये कुप्या नाहीत, हे स्पष्ट सांगते. पण बाहेर काढलेल्या पेशीत जनुक घालण्याची पायरी तिथे आधीच आहे. त्याच पायरीवर कुपीची कृतीही घालता आली तर सोडलेली पेशी सोनोग्राफीने शोधता येईल, अशी या क्षेत्रातल्या लोकांची आशा आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या दडवून हा विषय सांगणं मला पटत नाही. हे काम आज प्रयोगशाळेत आणि उंदरांत आहे. उंदराची गाठ कातडीखाली काही मिलिमीटरवर असते. माणसात मध्ये फासळ्या, चरबी आणि दहा-बारा सेंटिमीटर खोली येते. आवाज तिथे पोहोचेपर्यंत थकलेला असतो. नऊ जनुकांचा बोजा पेशीला जड होतो, आणि जनुकं वाहून नेणाऱ्या नेहमीच्या विषाणूंमध्ये एवढा मोठा संच नीट मावत नाही. कुपीचं प्रथिन जीवाणूचं, म्हणजे आपल्या शरीराला परकं. प्रतिकारशक्ती त्याला किती सहन करेल, वारंवार दिलं तर काय होईल, हे माणसात तपासावं लागेल. शिरेतून टोचलेल्या कुप्या तर काही मिनिटांत यकृतातल्या सफाईच्या पेशी गिळून टाकतात. (यातूनही वाट काढली आहे: यकृत कुप्या किती वेगाने पचवतं त्यावरून त्या सफाई पेशींचं काम कसं चाललंय ते मोजायचं.)

त्यामुळे 'आता बायोप्सी नको, सोनोग्राफीतच पेशी कळेल' असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला तर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल तर करून घ्या.

मग इतकं लांबचं असूनही मी यात का गुंतले? कारण यंत्र तेच आहे. एमआरआय करायचं तर तारीख घ्या, शहरात या, खर्च करा. सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावी आहे, भांडुपच्या गल्लीत आहे. ज्या यंत्रासमोर मी रोज बसते, त्याच्यात आवाज सोडण्याची आणि प्रतिध्वनी वजा करण्याची थोडी वेगळी रीत बसवली तर ते पेशीपर्यंत जाऊ शकतं. इमेजिंगमधल्या बहुतेक नव्या गोष्टी महागड्या यंत्रांसाठी येतात. ही सगळ्यात स्वस्त यंत्रासाठी येतेय.

अलीकडचं एक काम मी बारकाईने वाचतेय. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जॉर्ज लू यांच्या गटाने जनुकं बदलून सुमारे 50 नॅनोमीटरच्या, हिऱ्याच्या आकाराच्या कुप्या बनवल्या. त्या ऊतीत टोचल्या की लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांसारख्याच शरीरभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून, वाट काढत लसिकाग्रंथींमध्ये जातात आणि तिथल्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचतात. स्तनाच्या कर्करोगात गाठीकडून येणारी वाट काखेतल्या ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी शिरते ती कुठली, हे शोधायला आज बहुधा निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचतात. काखेवर प्रोब ठेवून ग्रंथी शोधणं हे माझं रोजचंच काम. ग्रंथी दिसते, तिचा आकार बिघडला असेल तर तेही दिसतं, पण गाठीकडून येणारी वाट नेमकी कुठल्या ग्रंथीत शिरते ते माझ्या पडद्यावर दिसत नाही. एवढ्या लहान कुप्या ती वाट उजळतील का? सध्या हे काम उंदरांपर्यंत आलं आहे.